कोळसा बंदरावर, ढिगारे डोंगरावर : दक्षिण वेल्समधील खाणगावांचा इतिहास

गोदाकाठ

दक्षिण वेल्समध्ये टॅफ, रॉन्दा, किनन, ऱ्हिम्नी, एबू या नद्या उत्तरेकडच्या डोंगरातून समुद्राकडे वाहत येतात आणि त्यांच्या अरुंद दऱ्यांमध्ये खाणगावे एकाला एक लागून वसलेली आहेत. नोकरीनिमित्त मी कार्डिफमध्ये राहतो. सुट्टीच्या दिवशी या दऱ्यांतून हिंडताना आणि इथल्या ग्रंथालयांत बसून वाचताना एक प्रश्न सतत समोर येत गेला. 1913 साली या एका कोळसाक्षेत्रातून सुमारे 5 कोटी 68 लाख टन कोळसा निघाला आणि त्यासाठी सव्वादोन लाखांहून अधिक माणसे राबली. तरीही ज्या दऱ्यांतून तो निघाला, त्या आज ब्रिटनमधल्या सर्वांत गरीब भागांत मोडतात. तो पैसा कुठे गेला आणि गावांच्या वाट्याला काय आले, यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

या इतिहासाची सुरुवात कोळशाने झाली नाही, लोखंडाने झाली. कोळसाक्षेत्राच्या उत्तर काठावर लोहखनिज, चुनखडी आणि कोळसा ही तिन्ही एकमेकांजवळ सापडत होती आणि वाहते पाणी हाताशी होते. 1759 मध्ये डाउलेसचा कारखाना निघाला, त्यानंतर मर्थर टिडफिलच्या परिसरात आणखी तीन मोठे कारखाने उभे राहिले. 1801 मध्ये जेमतेम पावणेआठ हजार वस्तीचे हे गाव 1851 पर्यंत शेहेचाळीस हजारांवर गेले आणि वेल्समधले सर्वांत मोठे शहर ठरले. माल समुद्रापर्यंत नेण्यासाठी 1794 मध्ये मर्थर ते कार्डिफ कालवा झाला. 21 फेब्रुवारी 1804 रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने पेनीडॅरन कारखान्यातून दहा टन लोखंड आणि सत्तरेक माणसे रुळांवरून ओढत नेली. रेल्वेचा इतिहास आपण शाळेत स्टीव्हन्सनपासून शिकतो, पण त्याच्या कितीतरी आधीची ही घटना या दरीत घडलेली आहे.

याच मर्थरमध्ये 1831 च्या जूनमध्ये मजुरीतील कपात आणि कर्जवसुलीच्या न्यायालयाचा जाच यांविरुद्ध मोठा उठाव झाला. सैनिकांनी कासल इन या खानावळीसमोर जमावावर गोळ्या झाडल्या आणि किमान सोळा माणसे मेली. एका सैनिकाला जखमी केल्याच्या आरोपाखाली रिचर्ड लुईस, म्हणजेच डिक पेंडरिन, या तरुण कामगाराला 13 ऑगस्ट रोजी कार्डिफमध्ये फाशी देण्यात आली. त्याच्यावरील आरोपावर त्या वेळीही लोकांचा विश्वास नव्हता आणि दयेच्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लोखंड मागे पडले आणि कोळसा पुढे आला. किनन आणि रॉन्दा दऱ्यांच्या पोटात जो कोळसा होता, तो जळताना धूर फार कमी करीत असे आणि उष्णता भरपूर देत असे. बॉयलरसाठी याहून चांगला कोळसा नाही, हे ब्रिटिश नौदलाने चाचण्या घेऊन ठरवले आणि मग जगभरातील आगबोटींच्या कंपन्यांची मागणी सुरू झाली. कार्डिफची पहिली मोठी गोदी ब्यूटचा मार्क्विस या बड्या जमीनदाराने 1839 मध्ये बांधली होती आणि टॅफ व्हेल रेल्वे 1841 मध्ये पूर्ण झाली होती, त्यामुळे वाहतुकीची वाट तयारच होती. रॉन्दा दरीच्या वरच्या टोकाला ट्रीहर्बर्ट येथून 1855 मध्ये या कोळशाची पहिली खेप निघाली. 1851 च्या जनगणनेत त्या परिसराची लोकसंख्या हजाराच्या आत होती. 1911 मध्ये रॉन्दाची लोकसंख्या दीड लाखाच्या पुढे गेली होती. ही माणसे आधी वेल्सच्या खेड्यांतून आली, मग इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातून आणि आयर्लंडमधून आली. इटलीतील बार्डी या डोंगरी गावातून आलेल्या कुटुंबांनी तर जवळजवळ प्रत्येक गावात कॅफे काढले.

खाणीतील मजुरीची पद्धत नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे संप समजत नाहीत. कोळशाच्या थरात प्रत्येक खाणकामगाराला एक ठरावीक जागा नेमून दिलेली असे. तो आणि त्याच्या हाताखालचा मुलगा तिथे कुदळीने कोळसा फोडत, छताला लाकडी टेकू लावत, कोळसा डब्यात भरत आणि त्यावर आपली खूण करून डबा वर पाठवत. मजुरी दिवसाची नव्हती, वर गेलेल्या टनांची होती आणि त्यातही मोठ्या तुकड्यांचीच होती. चाळणीतून खाली पडलेला बारीक कोळसा कंपनी विकत असे, पण त्याचे पैसे कामगाराला मिळत नसत. छत खचले, पाणी शिरले, थरात दगड लागला, तर त्या जागेवर माणूस दिवसभर राबून निम्माही कोळसा काढू शकत नसे आणि तेवढी मजुरी बुडत असे. वजनात फसवणूक होऊ नये म्हणून कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून स्वतःचा वजन तपासणारा नेमण्याचा हक्क मिळवला होता आणि खाणगावात हे पद फार मानाचे समजले जाई.

1910 चा रॉन्दा दरीतील टोनिपँडीचा संप याच पद्धतीतून उद्भवला. पेनिग्रेग येथील ईली पिटमधल्या एका नव्या थराचा दर टनामागे किती असावा यावर वाद झाला. कामगार मुद्दाम सावकाश काम करतात असा ठपका ठेवून कंपनीने त्या थरावरच्या सत्तर-ऐंशी लोकांसह सुमारे साडेनऊशे जणांना कामावरून बाहेर काढले आणि पाहता पाहता केंब्रियन कंपनीच्या सर्व खाणींतील बारा हजार कामगार संपावर गेले. जवळपास दहा महिन्यांनी, 1911 च्या उत्तरार्धात, संपापूर्वीच देऊ केलेल्या दरावर त्यांना परत जावे लागले. पण अवघड जागेवर काम करणाऱ्याला किमान मजुरी मिळालीच पाहिजे ही त्यांची मागणी देशभर पोहोचली आणि 1912 मध्ये खाणकामगारांच्या किमान वेतनाचा कायदा झाला.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. जमिनीखालच्या कोळशावर जमीनदाराला प्रत्येक टनामागे स्वामित्वधन मिळत असे आणि गोदी त्याच घराण्याची असेल तर तिथेही पुन्हा शुल्क मिळत असे. भागधारक बाहेरचे होते, जहाजांच्या कंपन्या कार्डिफच्या होत्या. कार्डिफमधील पांढऱ्या दगडी इमारती आणि ब्यूट घराण्याने सजवलेला किल्ला पाहिला, तर पैसा कुठे गेला हे वेगळे सांगावे लागत नाही. दरीतल्या गावांत मात्र आज ज्या सार्वजनिक वास्तू अभिमानाने उभ्या आहेत, त्यांपैकी बहुतेक कामगारांनी स्वतःच्या मजुरीतून उभारलेल्या आहेत. चॅपेल, कामगारांची सभागृहे, वाचनालये, दवाखाने यांची वर्गणी पगारातून पेन्सांच्या हिशेबाने कापली जाई. रॉन्दामधली कितीतरी घरेसुद्धा कामगारांनी मंडळ्या स्थापून, दरमहा हप्ते भरून बांधली. ट्रेडीगरच्या वैद्यकीय साहाय्य संस्थेने वर्गणीच्या जोरावर डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि रुग्णालय अशी सोय गावातील जवळजवळ सर्वांसाठी केली. तिथेच वाढलेल्या आणि तेराव्या वर्षी खाणीत उतरलेल्या अन्यूरिन बेव्हनने आरोग्यमंत्री म्हणून 5 जुलै 1948 रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली आणि ट्रेडीगरला जे मिळत होते तेच आपण सगळ्या देशाला देत आहोत, अशी भूमिका मांडली. माझे मत असे आहे की या दऱ्यांची खरी संपत्ती हीच होती. ती कोळशातून आली नाही, ती तिथल्या लोकांनी एकमेकांवर ठेवलेल्या भरवशातून आली.


पिंपळपान

लेख आवडला. टोनिपँडीच्या संदर्भात चर्चिलचा उल्लेख अपेक्षित होता. गृहमंत्री असताना त्याने खाणकामगारांवर गोळ्या झाडण्यासाठी लष्कर पाठवले, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. ते खरे आहे का?


गोदाकाठ

टोनिपँडीमध्ये लष्कराने गोळीबार केला नाही. 7 आणि 8 नोव्हेंबर 1910 रोजी पोलीस आणि संपकरी यांच्यात मोठ्या चकमकी झाल्या, बाजारपेठेतील दुकाने फुटली आणि सॅम्युएल रीस हा खाणकामगार डोक्याला झालेल्या जखमेने मरण पावला. चर्चिलने निघालेले सैन्य आधी वाटेत थांबवले आणि लंडनचे पोलीस पुढे धाडले. त्यानंतर सैन्यही आले आणि जनरल मॅक्रेडीच्या हाताखाली कित्येक महिने दरीत राहिले. गोळी झाडली नसली, तरी बंदुकांच्या पहाऱ्यात वाटाघाटी कराव्या लागणाऱ्या लोकांचे हात बांधले गेले हे नाकारता येत नाही, म्हणून दरीत त्याच्याविषयीचा राग पिढ्यानपिढ्या टिकला. याच चर्चिलने पुढे नौदलमंत्री म्हणून युद्धनौका तेलावर चालवण्याचा निर्णय पक्का केला आणि वेल्सच्या कोळशाचे एक मोठे गिऱ्हाईक हातचे गेले. त्याचा फटका महायुद्ध संपल्यावर जाणवला.


सह्यकडा

मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण एकांगी वाटते. खाणमालक हे सगळे आयते बसून खाणारे नव्हते. लँडिनॅम गावचा डेव्हिड डेव्हिस हा लाकूड कापणाऱ्याचा मुलगा होता. त्याने 1864 पासून रॉन्दाच्या वरच्या भागात खोल खाण खणायला घेतली. दोन वर्षे कोळसा लागेना आणि हातचे भांडवल संपत आले. आता मजुरी देता येणार नाही असे त्याने कामगारांना सांगितले, तेव्हा त्यांनी आणखी एक आठवडा फुकट काम केले आणि त्याच आठवड्यात उत्तम कोळसा लागला, अशी गोष्ट सांगितली जाते. कार्डिफच्या गोदीत जहाजांची रखडपट्टी होते म्हणून ब्यूट घराण्याच्या विरोधात जाऊन याच माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बॅरी येथे स्वतंत्र बंदर आणि रेल्वे उभारली. 1889 मध्ये सुरू झालेल्या त्या बंदराने 1913 मध्ये एक कोटी टनांहून अधिक कोळसा निर्यात करून कार्डिफलाही मागे टाकले. अशी जोखीम कोणी घेतली नसती, तर दऱ्यांमध्ये मेंढ्याच चरत राहिल्या असत्या.


गोदाकाठ

सह्यकडा, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि डेव्हिड डेव्हिसबद्दल मलाही आदर आहे. मात्र त्याच गोष्टीत जोखीम घेणारे दोघे दिसतात. त्याने भांडवल लावले आणि कामगारांनी बिनपगारी आठवडा लावला. कोळसा लागल्यानंतर भांडवलाचा मोबदला पिढ्यानपिढ्या मिळत राहिला, त्या आठवड्याचा मिळाला असता तर फार तर एका आठवड्याचा मिळाला असता. शिवाय जमिनीखालच्या थरावर हक्क सांगणाऱ्या जमीनदाराने कोणतीच जोखीम घेतलेली नव्हती. त्याला कोळसा चांगला लागला की वाईट, यावर नव्हे तर किती निघाला यावर पैसे मिळत. हे स्वामित्वधन 1938 च्या कायद्याने सरकारने भरपाई देऊन ताब्यात घेतले आणि खाणी 1 जानेवारी 1947 रोजी राष्ट्रीय झाल्या.


भूस्तर

चंद्रपूर-घुग्घुस भागातील भूमिगत खाणींमध्ये माझी सगळी नोकरी झाली. आम्हाला खाण व्यवस्थापनाचे जे सुरक्षानियम शिकवले गेले, त्यांतल्या अनेक नियमांमागे वेल्समधल्याच अपघातांची चौकशी आहे. म्हणून सेंगेनिद या गावाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

14 ऑक्टोबर 1913 रोजी सकाळी आठनंतर थोड्याच वेळात सेंगेनिदच्या युनिव्हर्सल खाणीत स्फोट झाला. 439 कामगार आणि बचावकार्यातील एक जण असे 440 लोक मरण पावले. ब्रिटनच्या खाण इतिहासातील हा सर्वांत मोठा अपघात आहे. त्याच खाणीत 1901 मध्येही स्फोट होऊन 81 माणसे मेली होती. कोळशाच्या थरातून मिथेन वायू झिरपत असतो; हवेत त्याचे प्रमाण साधारण पाच ते पंधरा टक्के असले की ठिणगी पुरते. परंतु एवढा संहार एकट्या मिथेनने होत नाही. पहिल्या धक्क्याने बोगद्यातली कोळशाची बारीक भुकटी हवेत उडते, तीच पेट घेते आणि आगीची लाट किलोमीटरभर धावत जाते. त्यामागोमाग कार्बन मोनॉक्साइड पसरतो आणि जे आगीतून वाचले तेही जिथल्या तिथे कोसळतात.

ही शेवटची गोष्ट वेल्समध्येच सिद्ध झाली. 1896 मध्ये रॉन्दामधील टायलर्सटाउन येथे स्फोटात 57 जण मेले, तेव्हा जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने मृतदेहांची तपासणी करून बहुतेकांचा मृत्यू भाजून किंवा धक्क्याने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने झाल्याचे दाखवून दिले. विषारी वायू वेळीच कळावा म्हणून खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची सूचना त्याचीच. त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन पुढे भारतात आला आणि भारतीय नागरिक होऊन भुवनेश्वरला वारला, ही माहिती आपल्या वाचकांना जवळची वाटेल.

सेंगेनिदच्या चौकशीत जे बाहेर आले ते वाचताना आजही माझा संताप होतो. 1911 च्या कायद्याने खाणीच्या पंख्याची दिशा ताबडतोब उलटी करता यावी अशी सोय बंधनकारक केली होती, कारण आग लागल्यावर धूर आणि विषारी वायू ज्या बाजूला माणसे अडकली आहेत तिकडून वळवावे लागतात. ती सोय दिलेल्या मुदतीत झालेली नव्हती. भुकटी नियमाप्रमाणे काढली जात नव्हती, आग विझवायला पुरेसे पाणी नव्हते. एवढे असूनही पश्चिम भागातून दुसऱ्या दिवशी पहाटे अठरा माणसे जिवंत निघाली. म्हणजे वेळ मिळाला असता तर आणखी काही वाचू शकली असती. खटल्यात व्यवस्थापकाला 24 पौंड आणि कंपनीला 10 पौंड दंड झाला. मर्थरच्या एका कामगार वृत्तपत्राने व्यवस्थापकाच्या दंडाला मृतांच्या संख्येने भागून खाणकामगाराच्या जिवाची किंमत एक शिलिंग सव्वा पेनी असा मथळा छापला होता.

पुढे बोगद्यात चुनखडीची पूड पसरून कोळशाची भुकटी निष्प्रभ करण्याचा नियम आला. आमच्या खाणीत दर पाळीला ती पूड टाकली आहे की नाही हे पाहणे माझ्या कामाचा भाग होते आणि ते काम मी कधीही दुसऱ्यावर सोडले नाही.


शेवंती

या सगळ्या चर्चेत बायका कुठे आहेत? 1842 च्या कायद्याने त्यांना खाणीखाली जाण्यास बंदी झाली एवढेच वाचनात आले आहे.


उत्तरायण

शेवंती, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. खाणीखाली बंदी झाली, पण खाणीचे निम्मे काम घरात शिरले होते. नवरा आणि दोन-तीन मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांत खाणीत जात असतील, तर प्रत्येक जण घरी येई तेव्हा चुलीपुढे पत्र्याचे टब मांडून गरम पाण्याने अंघोळ घालावी लागे. त्यासाठी नळावरून पाणी आणणे, जड भांडी चुलीवर चढवणे आणि उतरवणे, काळे पाणी मागच्या अंगणात ओतणे, कोळशाने माखलेले कपडे भिंतीवर आपटून झटकणे आणि चिखल लागलेले असतील तर रात्रीतून वाळवणे, हे सगळे दिवसातून तीन-तीन वेळा होत असे. गरोदर बायकांचे गर्भपात या उचलाउचलीने होत आणि रांगणारी मुले उकळत्या पाण्याने भाजून मरत.

1919 मध्ये कोळसा उद्योगाच्या सँकी आयोगापुढे रॉन्दाच्या एलिझाबेथ अँड्र्यूज यांनी खाणकामगारांच्या इतर दोन बायकांसह साक्ष दिली आणि हीच हकीकत सांगून खाणीच्या तोंडाशीच न्हाणीघरे बांधावीत अशी मागणी केली. वेल्समध्ये पहिले न्हाणीघर त्याआधी 1916 मध्ये ट्रीहॅरिस येथे झाले होते, पण ते अपवादात्मक होते. 1920 पासून प्रत्येक टन कोळशामागे एक पेनी कल्याणनिधीत जमा करणे बंधनकारक झाले आणि पुढे त्या निधीतून ती न्हाणीघरे हळूहळू सर्वत्र बांधली गेली. गोदाकाठ यांनी दिलेल्या वास्तूंच्या यादीत मी या न्हाणीघरांना पहिले स्थान देईन. सुरुवातीला अनेक कामगारांचाच त्यांना विरोध होता. पाठ धुतली तर कमरेतली ताकद जाते अशी समजूत होती. तो विरोध बायकांनी घरोघरी जाऊन मोडून काढला.


निदान

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून फुप्फुसांबद्दल थोडे लिहितो. स्फोटांत मेलेल्यांची संख्या नोंदलेली असते. धुळीने मेलेल्यांची नोंद बराच काळ झालीच नाही. खडकाच्या भुकटीने होणारा सिलिकोसिस भरपाईस पात्र मानला जात होता, पण नुसत्या कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात हे मान्य व्हायला दुसरे महायुद्ध उजाडले. दक्षिण वेल्सच्या खाणींत झालेल्या संशोधनानंतर 1943 मध्ये भरपाईची नवी योजना आली आणि 1945 मध्ये कार्डिफजवळ लँडॉक रुग्णालयात न्यूमोकोनिओसिसचे, म्हणजे धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकाराचे, संशोधन केंद्र निघाले.

तिथे आर्ची कॉक्रन हा डॉक्टर काम करीत होता. 1950 च्या दशकात त्याने धाकट्या रॉन्दा दरीतील आणि तुलनेसाठी ॲबरडेअरच्या बाजूच्या दरीतील जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचा छातीचा एक्स-रे काढण्याचा प्रयत्न केला आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास लोकांपर्यंत पोहोचून दाखवले. कामगार संघटनेने साथ दिल्याशिवाय हे घडणे अशक्य होते. पुराव्यावर आधारित वैद्यक ही कल्पना आज आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. ती रुजवणाऱ्यांत कॉक्रनचे नाव अग्रभागी आहे आणि त्याची घडण या दरीतल्या खाणकामगारांच्या घरांतून झाली.


पिंपळपान

वेल्सचा हा कोळसा मुंबईपर्यंत येत होता का?


गोदाकाठ

येत होता. 1839 मध्ये इंग्रजांनी एडन घेतले त्यामागे मुंबई-सुएझ मार्गावरील आगबोटींसाठी कोळशाचे ठाणे हवे होते हे एक मोठे कारण होते आणि एडनचा कारभार पुढे जवळपास शंभर वर्षे मुंबईच्या अखत्यारीत होता. कार्डिफहून निघालेली कोळशाची जहाजे एडन, मुंबई, कोलंबो अशा ठाण्यांवर माल उतरवत. मुंबईतील रेल्वे आणि गिरण्याही सुरुवातीच्या काळात विलायती कोळशावर अवलंबून होत्या. नंतर बंगालचा कोळसा आला आणि 1915 पासून टाटांची खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली.


सह्यकडा

उतरती कळा नेमकी कधी लागली? मला वाटते सर्वसामान्य वाचकाला फक्त थॅचरबाईंचे नाव माहीत असते.


गोदाकाठ

उतरण थॅचर यांच्या काळाच्या साठ वर्षे आधी सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर जहाजे तेलाकडे वळली, जर्मनीचा कोळसा युद्धभरपाई म्हणून फ्रान्स आणि इटलीला मिळू लागला आणि 1925 मध्ये पौंड पुन्हा सोन्याशी जोडल्याने निर्यात महागली. मालकांनी मजुरी कमी करून तास वाढवायचे ठरवले. 1926 चा सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मिटला, पण खाणकामगार वर्षाच्या अखेरपर्यंत टाळेबंदीत राहिले आणि उपासमारीने परत गेले. 1930 मध्ये डाउलेसच्या लोखंड कारखान्याचे बहुतेक काम थांबले. मंदीत मर्थरमधील विमा असलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होते आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात चार लाखांवर माणसे वेल्स सोडून गेली. 1939 मधील एका अहवालाने तर मर्थर गावच उठवून लोकांना दुसरीकडे वसवावे असे सुचवले होते.

राष्ट्रीयीकरणानंतरही खाणी बंद होत राहिल्या, विशेषतः 1960 च्या दशकात. 1984 मध्ये दक्षिण वेल्समध्ये 28 खाणी आणि वीस हजारांच्या आसपास कामगार उरले होते. त्या वर्षी खाणी बंद करण्याविरुद्ध देशव्यापी संप झाला. त्याच्या आरंभी इथल्या बहुतेक खाणींनी संपाविरुद्ध कौल दिला होता, पण एकदा बाहेर पडल्यावर हेच लोक वर्षभर सर्वांत ठाम राहिले. त्या वर्षाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. नोव्हेंबरमध्ये कामावर जाणाऱ्या एका खाणकामगाराला नेणाऱ्या टॅक्सीवर दोन संपकऱ्यांनी पुलावरून काँक्रीटचा ठोकळा टाकला आणि चालक ठार झाला. दऱ्यांमधल्या लोकांनाही ती गोष्ट फार लागली. मार्च 1985 मध्ये मार्डीचे कामगार बँड वाजवत खाणीवर परतले. रॉन्दामधली ती शेवटची खाण डिसेंबर 1990 मध्ये बंद झाली.

हिरवाउनच्या टॉवर खाणीची कथा निराळी आहे. 1994 मध्ये ती तोट्याची ठरवून बंद केल्यावर 239 कामगारांनी आपल्या नुकसानभरपाईतून प्रत्येकी आठ हजार पौंड काढले, टायरोन ओसुलिव्हन यांच्या नेतृत्वाखाली खाण विकत घेतली आणि जानेवारी 1995 पासून तेरा वर्षे, कोळसा संपत येईपर्यंत चालवली. तोट्याची म्हणून बंद झालेल्या खाणीने त्यांच्या हातात नफा मिळवला.


भूस्तर

शीर्षकात ढिगाऱ्यांचा उल्लेख आहे, पण ॲबरव्हॅनबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही.


गोदाकाठ

ते लिहिणे मी पुढे ढकलत होतो. 21 ऑक्टोबर 1966 रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास मर्थर व्हेल खाणीतून निघालेल्या टाकाऊ मालाचा सातव्या क्रमांकाचा ढिगारा डोंगरावरून घसरला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर आणि शेजारच्या घरांवर कोसळला. 116 मुले आणि 28 मोठी माणसे गेली. सहामाही सुट्टीपूर्वीचा तो शाळेचा शेवटचा दिवस होता. तो ढिगारा 1958 पासून डोंगरातील झऱ्यांवर रचला जात होता. झरे नकाशावर दाखवलेले होते. शाळेमागे टाकल्या जाणाऱ्या गाळाचा धोका आहे, असे मर्थर नगरपालिकेच्या अभियंत्याने 1963 मध्येच कोळसा मंडळाला लेखी कळवले होते. चौकशी न्यायाधिकरणाने 1967 मध्ये संपूर्ण ठपका राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला, पण एकाही अधिकाऱ्यावर खटला झाला नाही. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट त्यानंतरची आहे. गावावरचे उरलेले ढिगारे हलवण्याच्या खर्चापोटी दीड लाख पौंड मृतांच्या कुटुंबांसाठी जमलेल्या देणगीनिधीतून घेण्यात आले. ती रक्कम 1997 मध्ये व्याजाविना परत केली गेली आणि 2007 मध्ये वेल्सच्या सरकारने मोठी भर घालून अन्याय दूर करण्याचा प्रयत्न केला.

सेंगेनिदची खाण खासगी होती आणि ॲबरव्हॅनची सरकारी. मालक बदलला, पण धोक्याची सूचना खालून वर गेली तरी ती ऐकायची पद्धत बदलली नाही, असे मला वाटते.


भूस्तर

आमच्याकडे खुल्या खाणींभोवती रचलेल्या मातीच्या ढिगांची उंची, उतार आणि पाण्याचा निचरा यांचे नियम पाळले जातात की नाही हे तपासताना ॲबरव्हॅनचे नाव हमखास निघत असे. वेल्समधले जुने ढिगारे आता कोणाच्या ताब्यात आहेत?


गोदाकाठ

वेल्समध्ये असे सुमारे अडीच हजार जुने ढिगारे आहेत. काही नगरपालिकांच्या, काही सरकारी संस्थांच्या आणि बरेचसे खासगी जमीनमालकांच्या ताब्यात आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यात कोळशाचा व्यापार केलेला नाही. फेब्रुवारी 2020 मध्ये डेनिस वादळाच्या पावसाने टायलर्सटाउनच्या वरचा ढिगारा घसरून नदीत उतरला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये कूमटिलरी येथे ढिगाऱ्याचा चिखल घरांपर्यंत आला. दोन्ही वेळा सुदैवाने कोणी दगावले नाही. पावसाचे प्रमाण वाढत असताना दुरुस्तीचा खर्च लंडनने करायचा की कार्डिफने, यावर बराच वाद झाला. हे ढिगारे वेल्सला स्वतःची विधानसभा मिळण्याच्या कितीतरी आधीचे आहेत आणि त्या कोळशाचा फायदा साऱ्या ब्रिटनने घेतला, म्हणून खर्चाचा मोठा वाटा लंडननेच उचलला पाहिजे हे मला योग्य वाटते. 2025 मध्ये वेल्सच्या संसदेने या ढिगाऱ्यांची तपासणी आणि देखभाल यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभारणारा कायदा संमत केला.


शेवंती

पुढील वर्षी मुलीकडे ब्रिस्टलला जाणार आहे. यातले काय पाहता येईल?


गोदाकाठ

ब्लेनॅव्हनची बिग पिट खाण अवश्य पाहा. ती 1980 मध्ये बंद झाली आणि 1983 पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. सभोवतालचा परिसर 2000 पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे खऱ्या पिंजऱ्यातून नव्वद मीटर खाली नेतात आणि माहिती देणाऱ्यांमध्ये पूर्वी खाणीत काम केलेली माणसे असतात. खाली उतरण्यापूर्वी मोबाइल, घड्याळ, कॅमेरा, बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू वर ठेवावी लागते, कारण मिथेनच्या शक्यतेमुळे खाणीचे नियम तिथे अजूनही लागू आहेत. त्याच आवारातले न्हाणीघर जसेच्या तसे जपलेले आहे. उत्तरायण यांनी लिहिलेले वाचून तिथे गेलात तर ते अधिक नीट पाहाल. कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या खुल्या संग्रहालयात ओकडेल गावचे कामगार सभागृह दगड न् दगड हलवून पुन्हा उभारले आहे. 1917 मध्ये कंपनीकडून कर्ज घेऊन ते बांधले गेले आणि कामगारांनी वर्गणीतून ते कर्ज फेडले. त्यातले वाचनालय पाहायला वेळ राखून ठेवा. सेंगेनिदमध्ये 2013 मध्ये वेल्समधील सर्व खाण अपघातांतील मृतांचे राष्ट्रीय स्मारक झाले आहे. कार्डिफहून आधी केअरफिलीला रेल्वेने जावे लागते आणि पुढे बस मिळते.